शोकाच्या घरीं गाणें

आमच्या एका उपदेशक बंधूंनीं आम्हांला असा प्रश्न केला आहे कीं, ज्या घरांतून नुकतेंच प्रेत उचललें गेलें अशा घरीं गीतें गाणें योग्य कीं अयोग्य? प्रश्न लहान दिसतो. परंतु उत्तर लिहावयास बसलों तेव्हां आम्हांस असें आढळून आलें कीं, ह्या एका प्रश्नाच्या पोटांत आणखीही प्रश्न आहेत. आपल्या मंडळ्यांतील कित्येकांची अशी समजूत आहे कीं, मरणाच्या प्रसंगीं मोठ्यानें गाणें हें विश्वासाचें चिन्ह, व रडणें हें अविश्वासाचें. दुसरे कित्येक म्हणतात कीं, गाणें हें लग्नकार्याचें व सणाचें. शोकाच्या घरीं तें नेणें म्हणजे दुःखिताची थट्टा करणें होय. ह्या दोन पक्षांचा वाद आम्हीं पुष्कळ वेळां ऐकला आहे. परंतु ह्याहून निराळा एक प्रश्न आहे, तो फारसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. कारण ज्याच्या मनांत तो येतो त्याला तो बोलावयाची लाज वाटते. गाणें ऐकून माझें मन हलकें झालें, तर मी माझ्या मृत माणसाशीं बेइमान झालों काय? ज्या आईचें लेकरूं गेलें तिला दोन घटका बरें वाटलें, तर तें बरें वाटणें हा तिचा अपराध आहे काय? आमच्या मतें खरा प्रश्न हाच आहे, आणि तो सुटल्यावांचून पहिल्या दोन पक्षांचा वाद मिटावयाचा नाहीं.

पुष्कळ वर्षांमागें, आमच्या सेवेच्या आरंभीं, गोदावरीच्या कांठच्या एका खेड्यांत आमच्या हातून एक चूक घडली. ती सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. तेथल्या एका विधवेचा एकुलता मुलगा, वीस-बावीस वर्षांचा, विहिरीच्या कामावर दरड कोसळून वारला. आम्ही पोहोंचलों तों लोक माती देऊन परतले होते. आंगणांत पन्नासएक माणसें बसलेलीं, कोणी बोलेना. तें मौन आम्हांला सोसवेना. आपण उपदेशक, आपण कांहीं तरी केलें पाहिजे, असें मनांत येऊन आम्हीं ढोलकी मागविली, टाळ वांटले, आणि पुनरुत्थानाचें एक जलद चालीचें गीत सुरू केलें. पहिलें कडवें संपलें न संपलें तोंच ती बाई उठून आमच्यासमोर आली व हात जोडून म्हणाली, "मास्तर, आज गाणं नगं. माझं लेकरू अजून उंबऱ्यातच हाय."

आम्हीं काय केलें? आम्हीं तिला खालीं बसावयास सांगितलें, आशेविषयीं चार वाक्यें ऐकविलीं, आणि दुसरें कडवें धरिलें. ती बसली नाहीं. ती मागच्या दारानें गोठ्यांत गेली, आणि आमचें गीत संपेपर्यंत तेथें गाईच्या मानेवर डोकें ठेवून उभी होती, असें तिच्या जावेनें आम्हांला मागाहून सांगितलें. गीताचे शब्द खरे होते. चालही चांगली होती. आणि तरी त्या दिवशीं आम्हीं तें गीत तिच्यासाठीं गाइलें नाहीं; आपल्याच मनाची अस्वस्थता घालविण्यासाठीं गाइलें. हें समजावयास आम्हांला फार दिवस लागले.

वास्तविक शास्त्र हाताशींच होतें. नीतिसूत्रांच्या २५ व्या अध्यायांत, २० व्या वचनांत, खिन्न माणसापुढें गीतें गाणाराची तुलना थंडीच्या दिवशीं दुसऱ्याचें पांघरूण काढून घेणाराशीं केली आहे. हें लिहिणाराला गाण्याचा तिटकारा होता असें कोणी समजूं नये. ज्या शलमोनाच्या नांवें हीं सूत्रें चालतात त्याचीं गीतें १००५ होतीं, असें राजांच्या पहिल्या पुस्तकांत सांगितलें आहे. गाण्याची शक्ति ज्याला ठाऊक, त्यालाच तिचा धोकाही ठाऊक. तसेंच १३७ वें स्तोत्र पाहावें. बाबेलांतले बंदिवान आपल्या वीणा झाडांना टांगून ठेवितात. ज्यांनीं त्यांचें नगर उद्ध्वस्त केलें तेच लोक करमणुकीखातर त्यांना गावयास सांगत होते, आणि त्यांनीं नाहीं म्हटलें. दुःखिताला न गाण्याचा हक्क आहे. नवल इतकेंच कीं, तो नकारच पुढें गीत झाला व अडीच हजार वर्षें गाइला जात आहे.

याइराच्या घरची गोष्ट तर सर्वांस माहीत आहे. प्रभु तेथें गेला तेव्हां पांवा वाजविणारे आधींच येऊन बसले होते. त्या काळच्या यहूदी लोकांत हा केवळ हौसेचा भाग नव्हता. मिश्ना नांवाचा त्यांचा जो नियमसंग्रह आहे, त्यांत राब्बी यहूदा ह्याचें असें मत नमूद आहे कीं, अगदीं गरीब इस्राएली मनुष्यानेंही आपल्या बायकोच्या प्रेतयात्रेसाठीं निदान दोन पांवे व एक शोक करणारी बाई आणावी. म्हणजे शोकाचें संगीत हें संख्येनें ठरलेलें होतें. प्रभूनें त्या सर्वांस बाहेर काढिलें. मत्तय लिहितो कीं, जी गर्दी शोकाचा गलबला करीत होती तीच क्षणांत हंसूं लागली. ज्या शोकाला हंसूं यावयास क्षणही लागत नाहीं, त्याची त्या बापाला काय गरज होती? परंतु ह्याच प्रभूनें, पकडला जाण्याच्या रात्रीं, शिष्यांबरोबर गीत गाइलें व मग तो जैतुनांच्या डोंगराकडे गेला, हेंही मत्तयच सांगतो. तेव्हां त्यानें गाणें बाहेर काढिलें असें नव्हे. भाड्याचा शोक बाहेर काढिला.

संगीतानें मनाला आराम पडतो हें दाखवितांना आपण सर्व जण १ शमुवेलाच्या १६ व्या अध्यायाकडे बोट दाखवितों. शौलाला दुष्ट आत्म्याची पीडा होई; सेवकांनीं वीणा वाजविणारा शोधावा असें सुचविलें; दावीद आला; तो वाजवी तेव्हां राजाला बरें वाटे. येथपर्यंत आपण वाचतों व पुस्तक मिटवितों. पण तीच गोष्ट १८ व्या व १९ व्या अध्यायांत पुढें चालते. तीच वीणा, तोच वाजविणारा, तोच ऐकणारा; आणि ऐकणाराच्या हातांत भाला. दावीद वाजवीत असतांनाच शौलानें भाला फेंकला. एकदां तर तो भिंतींत जाऊन रुतला. ज्या संगीतानें पूर्वीं आराम पडला तें आतां कां चाललें नाहीं? आम्हांला असें वाटतें कीं, शौलाच्या मनांत जें खरोखर जळत होतें, तो मत्सर, ती राज्य जाण्याची भीति, तें त्यानें त्या संगीताजवळ कधीं नेलेंच नाहीं. वीणा बाहेर वाजत राहिली व दुःख आंत कुलुपांत राहिलें. अंगावर लेप लावावा तसें तें संगीत होतें. लेप सुकला कीं ठणका पुन्हा सुरू. आजकालच्या वैद्यांचेंही म्हणणें ह्याहून फारसें पुढें जात नाहीं. खिन्नतेच्या विकारावर संगीताचा उपयोग करून पाहिलेल्या प्रयोगांचा जो एकत्र आढावा कॉक्रेन संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केला, त्यांत असें दिसतें कीं, नेहमींच्या औषधोपचाराला संगीतोपचाराची जोड दिली असतां थोड्या काळापुरता गुण येतो. जोड दिली असतां, व थोड्या काळापुरता. हे दोन्ही शब्द ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. ज्याला महिनेच्या महिने झोंप नाहीं, अन्न गोड लागत नाहीं, जो जीव द्यावयाच्या गोष्टी बोलतो, त्याच्या उशाशीं नुसतें भजन लावून स्वस्थ बसणें हें पाप आहे. त्याला दवाखान्यांत नेलें पाहिजे.

आतां त्याच दाविदाचें दुसरें गाणें पाहा. गिलबोवाच्या डोंगरावर शौल व योनाथान मेले. ज्यानें भाला फेंकला त्याच्याचसाठीं दाविदानें विलाप रचिला, आणि तो यहूदाच्या लोकांना शिकवावा अशी आज्ञा केली. २ शमुवेलाच्या पहिल्या अध्यायांत तो जसाचा तसा आहे. वाचकांनीं तो आज घरीं काढून सावकाश वाचावा. त्यांत सांत्वनाचा एक शब्द नाहीं. पुनर्भेटीची आशा नाहीं. फार काय, देवाचें नांवही नाहीं. जे गेले ते कसे होते, त्यांच्यावांचून काय उणें झालें, एवढेंच त्यांत आहे. स्तोत्रसंहितेंतलें ८८ वें स्तोत्रही असेंच. तें अंधारांत सुरू होऊन अंधारांतच संपतें, आणि त्याच्या मथळ्यावर तें गीत म्हणून लिहिलें आहे. शोकगीतांत शेवटच्या कडव्याला आशा आलीच पाहिजे, नाहीं तर तें ख्रिस्ती नव्हे, असा जो हट्ट आपण कधीं कधीं धरितों, तो शास्त्रानें धरिलेला नाहीं.

ह्या विषयावर माणसांनीं स्वतःच्या अनुभवाच्या ज्या साक्षी लिहून ठेविल्या आहेत, त्यांत आम्हांला सर्वांत प्रामाणिक वाटते ती आगस्टीनाची. हा उत्तर आफ्रिकेंतल्या थागस्ते गांवीं ३५४ सालीं जन्मला. त्याची आई मोनिका मुलाच्या मागोमाग समुद्र ओलांडून इटलींतल्या मिलान शहरीं येऊन राहिली. तेथें ३८६ सालीं एक संकट आलें. बादशहाची आई युस्तिना ही निराळ्या पंथाची. तिनें आपल्या पंथासाठीं एक मंदिर मागितलें. अंब्रोस नांवाच्या बिशपानें तें द्यावयाचें नाकारिलें. बाहेर शिपाई, आंत लोक. रात्रंदिवस लोक मंदिरांतच बसून राहिले, आणि त्यांत मोनिका होती. आगस्टीन लिहितो कीं, दुःखानें व कंटाळ्यानें लोकांचीं मनें खचूं नयेत म्हणून त्या वेळीं पूर्वेकडील मंडळ्यांच्या रीतीप्रमाणें सर्वांनीं मिळून स्तोत्रें व गीतें गाण्याची चाल तेथें सुरू झाली. आपण रविवारीं उभे राहून गीत गातों, त्या चालीच्या एका मुळाशीं अशी घाबरलेल्या लोकांची रात्र आहे.

अंब्रोसानें ह्या कामासाठीं स्वतः गीतें रचिलीं. एका ओळींत आठ अक्षरें, चार ओळींचें एक कडवें, आठ कडव्यांचें एक गीत. ज्याला वाचतां येत नाहीं त्याच्याही तोंडीं दोन दिवसांत बसावें असें तें माप. त्यांपैकीं एक गीत दिवे लागल्यानंतर म्हणावयाचें होतें. दिवसाला उजेड व रात्रीला झोंप देणाऱ्या देवाविषयीं तें आहे. मोनिकेला हें गीत पाठ होतें. ३८६ च्या नोव्हेंबरांत, मुलाच्या वाढदिवसाच्या सुमारास, कास्सिकियाक नांवाच्या खेड्यांत घरचीं माणसें सुखाविषयीं तीन दिवस चर्चा करीत बसलीं होतीं. पंडित बोलून थकले तेव्हां म्हाताऱ्या आईनें त्याच गीताची शेवटची ओळ म्हटली, व तिच्यावर तें बोलणें आटोपलें. हें आगस्टीनानेंच लिहून ठेविलें आहे.

पुढल्या वर्षीं, ३८७ मध्यें, त्याचा बाप्तिस्मा झाला व मायलेकरें स्वदेशीं जावयास निघालीं. ओस्तिया बंदरांत मोनिकेला ताप भरला आणि नवव्या दिवशीं ती वारली. तिला ५६ वें वर्ष चालू होतें, त्याला ३३ वें. त्यानें तिचे डोळे मिटले. त्याचा पोरगा अदेओदात मोठ्यानें रडूं लागला. सर्वांनीं त्याला गप्प केलें, कारण अशा भाविक बाईच्या मरणाला रडणें शोभत नाहीं असें त्यांना वाटत होतें. एवोदिय नांवाच्या मित्रानें स्तोत्रांचें पुस्तक घेतलें व १०१ वें स्तोत्र सुरू केलें; सारें घर मागून म्हणूं लागलें. लोक जमले. आगस्टीन त्यांच्याशीं शांतपणें बोलत होता. प्रेत नेलें, तो गेला व कोरड्या डोळ्यांनीं परत आला. कबरेजवळ प्रार्थना चालली असतांही तो रडला नाहीं. सर्वांना वाटलें, केवढें हें धैर्य! तो म्हणतो, आंत मात्र माझें काळीज फाटत होतें, आणि आपण एवढे दुःखी कां होतों ह्याचेंच मला आणखी एक दुःख होतें. स्नानानें चिंता जाते असें त्यानें ऐकलें होतें, म्हणून तो स्नानगृहांत गेला. जसा आंत गेला तसाच बाहेर आला. मग तो झोंपला. जागा झाला तेव्हां दुःख थोडें सैल झालें होतें. बिछान्यावर एकटाच पडला असतां त्याला अंब्रोसाचें तें रात्रीचें गीत आठवलें, आणि त्या गीतामागून हळूहळू आई आठवूं लागली : तिचें बोलणें, तिची माया. तेव्हां दिवसभर अडवून धरिलेलीं आंसवें त्यानें वाहूं दिलीं. त्या आंसवांवर आपल्या हृदयाला विसांवा मिळाला असें तो लिहितो. आणि पुढें जवळजवळ विनवून सांगतो कीं, घटकाभर मी आईसाठीं रडलों हें जर कोणाला पाप वाटलें, तर त्यानें मला हंसूं नये.

ह्या गोष्टींत गाणें दोनदां आलें आहे. दिवसा सर्वांनीं मिळून गाइलेलें स्तोत्र चांगलें होतें, विधीला शोभणारें होतें. त्यानें घर सांवरलें, पण मुलगा मोकळा झाला नाहीं. पोराचें रडणें दाबल्यावर तें गाइलें गेलें, हें आम्हांला विसरतां येत नाहीं. रात्रीचें गीत कोणी गाइलें नाहीं; तें नुसतें आठवलें. पण तें आईचें होतें. तिच्या तोंडून त्यानें तें ऐकलें होतें. म्हणून त्या गीतानें दार ठोठावतांच आई आंत आली. त्यानें आंसवें पुसलीं नाहींत, तीं वाहूं दिलीं. आणि त्यालाच तो विसांवा म्हणतो.

आतां आमच्या मुख्य प्रश्नाकडे येऊं. दुःख हलकें होणें ही मृताशीं बेइमानी आहे काय? जर दुःख हलकें होणें म्हणजे विसरणें असेल, तर होय, तिच्यांत कांहीं तरी बेइमानी आहे, आणि आईचें मन तिच्यापासून मागें सरतें तें योग्यच सरतें. यिर्मयाच्या ३१ व्या अध्यायांतली राहेल लेकरांसाठीं रडते व सांत्वन करून घ्यावयास तयार होत नाहीं; तिला कोणी दोष दिलेला नाहीं. दारूच्या दुकानाची वाट धरणारा दुःख हलकें करितो तें विसरून करितो, आणि सकाळीं तेंच दुःख दुप्पट होऊन उशाशीं बसलेलें असतें. परंतु गाणें विसरायला लावीत नाहीं. जें गाणें नुसतें विसरायला लावितें तें दारूचेंच भावंड होय. खरें शोकाचें गाणें आठवायला लावितें. फरक एवढाच कीं, जें एकट्यानें आठवतांना माणूस वेडा होईल तें तें त्याच्याकडून सुसह्य रीतीनें आठववून घेतें. भार तोच, पण डोक्यावर चुंबळ आली. हंडा हलका झाला असें पाणी वाहणारी कोणतीही बाई म्हणणार नाहीं, आणि चुंबळ ठेविली म्हणून तिनें हंडा टाकिला असेंही कोणी म्हणणार नाहीं.

हें कसें घडतें तें पाहावयाला मोठी विद्या लागत नाहीं. हुंदक्यानें श्वास तुटतो. गाणाराला श्वास ओळीच्या शेवटापर्यंत पुरवावा लागतो, म्हणून संथ चालीचें गीत तुटलेल्या श्वासाला हळूहळू वळणावर आणितें. दुःखांत स्वतःचे शब्द सुचत नाहींत. गीतांत ते तयार मिळतात, आणि आपल्याआधीं कोणी तरी अशाच रात्रीं ते वापरलेले असतात. एकट्यानें बोलतांना कंठ दाटला कीं बोलणें थांबतें. पण दहा जण गात असतां एकाचा कंठ दाटला तर गाणें थांबत नाहीं. तो गप्प बसतो, बाकीचे नऊ जण ओळ पुढें नेतात, आणि आवाज परत आला म्हणजे तो पुन्हा त्यांत शिरतो. शोकाच्या घरीं मंडळीचें काम काय, असें आम्हांस कोणी विचारिलें तर आम्ही हेंच दाखवूं. मात्र ह्यासाठीं दुःखिताच्या बरोबर गावें लागतें. त्याच्या अंगावर गाऊन चालत नाहीं.

आपल्या आज्यांना हें पुस्तकावांचून कळत होतें. पहाटे जात्यावर बसून त्या ज्या ओव्या म्हणत, त्यांत माहेर होतें, भाऊ होता, सासुरवास होता आणि मरणही होतें. जें सासूला सांगतां येत नसे तें जात्याला सांगत. हात कामांत, डोळे पिठांत, सोबत दुसरी बाई. दुःख बाहेर यावयाला ह्याहून सुरक्षित जागा कोणती? गी पॉइटवां व हेमा राईरकर ह्यांनीं महाराष्ट्रांतल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेविल्या आहेत. गिरणी आली, मनगटांचे कष्ट वांचले, तें बरेंच झालें. पण रडावयाची ती जागा गेली, आणि तिच्या ऐवजीं आपण बायकांना कोणती जागा दिली ह्याचा विचार आपल्या मंडळ्यांनीं केलेला आम्हांला दिसत नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं अभंग व भजन हीं देशी वळणें आपल्या उपासनेंत आणिलीं हा त्यांचा मोठा उपकार. ९ मे १९१९ रोजीं ते वारले तेव्हां त्यांचें ख्रिस्तायन हें काव्य अर्धवट राहिलें होतें. शाळेचें तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनीं पुढले अध्याय लिहून तें पुरें केलें. ज्याच्याशीं आयुष्य काढिलें त्याचें तुटलेलें गाणें जेथें थांबलें तेथून धरून पुढें म्हणावयाचें! तें म्हणणें म्हणजे नवऱ्याला विसरणें होतें असें कोण म्हणेल?

एक शंका मात्र आगस्टीनाला शेवटपर्यंत सुटली नाहीं, व ती आम्हांलाही पुरती सुटलेली नाहीं. तो लिहितो कीं, गीताच्या अर्थापेक्षां चालीनेंच आपण अधिक हललों असें कधीं कधीं आपल्याला आढळतें, आणि तो आपला दोष आहे असें वाटतें. मग स्वतःचेंच पूर्वींचें रडणें आठवून तो गाण्याच्या बाजूला झुकतो. आमचेंही तसेंच. शोकाच्या घरीं पेटीवाला आपली बोटें किती चालतात तें दाखवूं लागला, किंवा दारांत भाड्याचा ध्वनिक्षेपक लागून सारा गांव दणाणूं लागला, म्हणजे आम्हांला याइराच्या घरचे पांवे आठवतात. हल्लीं मोबाइलवर चांगल्या गवयाचें गीत लावून तें उशाशीं ठेवितात. त्याला आम्ही नांवें ठेवीत नाहीं, रात्रीं एकट्याला त्याचा आधार होतो. पण शेजारच्या म्हातारीचा घोगरा, मध्येंच तुटणारा आवाज आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. कारण तुटला तर तो आपल्याबरोबर तुटतो.

आमच्या त्या उपदेशक बंधूंना आतां आमचें उत्तर दिसलेंच असेल. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानें बसले; त्यांच्या हातून जें चुकलें तें तोंड उघडल्यावर चुकलें. प्रथम बसावें. गेलेल्या माणसाला कोणतें गीत आवडे, तो कोणत्या चालीनें म्हणे, हें घरच्यांना हळूच विचारावें. नको म्हटलें तर नको. माती दिली त्या दिवशीं घर माणसांनीं भरलेलें असतें. महिन्यानंतर संध्याकाळीं तेथें कोणीही नसतें, आणि गाण्याची गरज बहुधा त्या संध्याकाळीं असते.

गोदावरीकांठच्या त्या घरीं आम्ही पुन्हा गेलों तें सुमारें वर्षानें, पावसाळा संपतांना. आमच्या मनांत संकोच होता. टाळसुद्धां आम्हीं नेले नव्हते. मावशींनीं चहा केला. पिकाच्या, गाईच्या गोष्टी झाल्या. दिवा लागल्यावर त्या म्हणाल्या, "मास्तर, माझा पोरगा भजनाला एक म्हनायचा, ते यीतं का तुमाला?" आम्हांला तें येत होतें. त्यांच्या जाऊबाई भिंतीशीं येऊन बसल्या, शेजारची दोन मुलें आलीं, आणि ढोलकीशिवाय आम्हीं तें सुरू केलें. दुसऱ्या कडव्याशीं मावशींनीं हात वर करून आम्हांला थांबविलें. "तसं नव्हं," त्या म्हणाल्या. "हितं तो चढवून म्हनायचा. असं." आणि त्यांनीं तें म्हणून दाखविलें. सूर त्यांच्या गळ्याला उंच होता. आवाज फाटला, डोळे वाहूं लागले, पण ओळ त्यांनीं सोडली नाहीं. जाऊबाईंनीं ती उचलली. मग आम्हीं सर्वांनीं तें कडवें त्यांच्या मुलाच्या चालीनें पुन्हा पहिल्यापासून धरिलें.